साचलेल्या पाण्यातून चालत आलो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार) होईल का?

पायाला जखम, भेगा नसतील तर धोका कमी. लेप्टोचे जिवाणू उंदीर, कुत्री, गुरांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि खरचटलेल्या किंवा भेगाळलेल्या त्वचेतून, डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात. मुंबईत 26 जुलै 2005च्या पुरानंतर याचीच मोठी साथ आली होती. माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही, त्यामुळे घरच्यांची चिंता नको.

जखम असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. गरज वाटल्यास ते डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. गरोदर बाई, लहान मुलांसाठी औषध वेगळं, म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका (आपल्याकडे हे सर्रास चालतं!). ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं साधारण 5 ते 14 दिवसांत दिसतं. तेव्हा पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.