विवरात उतरण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्वालामुखीच्या पोटात उतरणाऱ्या शास्त्रीय मोहिमेची तयारी कशी करावी, असं तू विचारलंस. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगून टाकतो. तळाशी किती मिनिटं राहायचं आणि कोणत्या कामासाठी, हे विवराच्या काठावर बसूनच कागदावर लिहून ठेवायचं. खाली गेल्यावर उष्णता, मुखवटा, थकवा आणि समोरचा लाव्हा हे सगळं मिळून माणसाचा हिशेब बिघडवतात. "आलोच आहोत तर आणखी एक नमुना घेऊ" हा विचार तिथे हमखास येतो. वर लिहिलेला कागदच त्या वेळी तुला परत फिरवतो.

कोलंबियातल्या पास्तो शहराजवळ गालेरास नावाचा ज्वालामुखी आहे. १४ जानेवारी १९९३ रोजी तिथे एका परिषदेसाठी जमलेले शास्त्रज्ञ विवरात काम करत होते आणि अचानक स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मरण पावले. त्याआधी भूकंपमापकांवर स्क्रूच्या आट्यांसारखे, सावकाश विरत जाणारे कंप उमटले होते. त्यांचा अर्थ तेव्हा पक्का कळलेला नव्हता. पुढे त्याच ज्वालामुखीच्या स्फोटांआधी ते पुन्हा दिसले. उडालेल्या दगडांनी अनेकांचे जीव घेतले, आणि अनेकांच्या डोक्यावर हेल्मेटच नव्हतं. म्हणून उतरायच्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न हाच: आजचा कंपनांचा आलेख कोणी पाहिला, त्याचं नाव काय आणि तो रेडिओवर आहे का? उत्तर मिळेपर्यंत दोराला हात लावू नकोस.

आता एक विवर समोर ठेवून बोलू. काँगोतला न्यिरागोंगो ३४७० मीटर उंच आहे, त्याचं माथ्यावरचं विवर सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे आणि त्यात लाव्हाचं तळं असतं. जानेवारी २०२५ मध्ये शेजारचं गोमा शहर एम२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं, त्यामुळे आज तिकडे मोहीम नेण्याचा विचार करू नये. पण उभे कडे, मधले सपाट टप्पे, तळं आणि वायू या सगळ्या अडचणी तिथे एकत्र भेटतात, म्हणून अभ्यासाला ते विवर उत्तम.

सर्वात आधी विचार: खाली उतरायलाच हवं का? तळ्यातून निघणाऱ्या वायूंचं प्रमाण काठावरून मोजता येतं. अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटमापक तळ्याकडे रोखायचा. तापलेला लाव्हाच प्रकाशाचा स्रोत होतो आणि मधल्या वायूंनी कोणत्या लहरी शोषल्या ते उपकरण वाचतं. हे काम वरून होत असेल तर खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. उतरायचं ते फक्त जे वरून मिळतच नाही त्यासाठी: भेगांमधल्या वायूचा बाटलीत धरलेला नमुना, ताजा लाव्हा, कड्यातल्या थरांचे दगड.

सह्याद्रीत तू कडे चढतोस, दोरावर उतरतोस, ते कामाला येईल. बेसाल्टचा कठीण थर, त्याखाली ठिसूळ थर, पुन्हा कठीण, ही रचना तुझ्या ओळखीची आहे. पण आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा जुना आहे. विवराच्या भिंतीत मधले थर राखेचे आणि सुट्या खड्यांचे असतात आणि हाताने उकरले जातात. सगळीकडे घसारा. त्यामुळे बोल्ट, म्हणजे दोर अडकवायची खडकात ठोकलेली खुंटी, फक्त घट्ट लाव्हाच्या थरातच मारायचा, काठापासून मागे सरकून, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी. एक उखडला तरी भार बाकी दोघांवर सावकाश गेला पाहिजे. भोक पाडण्यापूर्वी हातोडीने ठोकून ऐक. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर जागा बदल. दोर दोन लावायचे, एक कामाचा आणि एक राखीव. जिथे दोर कड्याला घासतो तिथे नवा अँकर (दोर बांधायचा आधार) घेऊन त्याला भिंतीपासून दूर करायचं. एका टप्प्यावर एका वेळी एकच माणूस. खालच्याने दोराच्या रेषेत न थांबता बाजूच्या आडोशाला थांबायचं, कारण दगड सुटतात ते वरच्याच्या पायाखालून आणि हलत्या दोराने.

दोराचा धागा विचारून घे. गिर्यारोहणाच्या दुकानात मिळणारे बहुतेक दोर नायलॉनचे असतात, आणि नायलॉनला आम्ल सोसत नाही. विवरातल्या धुक्यात गंधकाची आम्लं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असतं; दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून कुजलेला असतो. पॉलिएस्टरला आम्ल बरंच कमी बाधतं, म्हणून तिथे तोच घ्यावा, साडेदहा ते अकरा मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा. डायनीमा या प्लास्टिकच्या धाग्याच्या पट्ट्या नेऊ नकोस. त्या दीडशे अंशांच्या आतच वितळतात. मोहिमेनंतर दोर पुन्हा वापरायचा नाही. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

वायूंकडे येऊ, इथे सगळ्यात जास्त लक्ष दे. चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा लागतो, कारण सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना सोडत नाही. फिल्टरवर पिवळा पट्टा हवा, तो आम्लवायूंसाठी असतो. सोबत धुळीचा पांढराही हवा. दाढी असेल तर मुखवट्याची कड चेहऱ्याला बसत नाही, फट राहते. तपासायचं असं: फिल्टर तळहातांनी बंद करून श्वास आत ओढायचा, मुखवटा चेहऱ्याला चिकटून राहिला तरच तो नीट बसला आहे. आत वास जाणवू लागला तर फिल्टर संपला, लगेच परत.

पण फिल्टर कार्बन डायऑक्साइड अडवत नाही आणि ऑक्सिजन तयार करत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड आहे, खोलगट जागी साठतो, वारा पडलेल्या रात्री आणि पहाटे जास्त. गोम्याच्या परिसरात अशा जागांना माझुकू म्हणतात. तिथे गुरं मरून पडलेली सापडतात. या वायूला वास नाही, रंग नाही. वायू मोजणाऱ्या मीटरवर ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसलं तर जीवाला धोका आहे, पण परत फिरण्याची मर्यादा त्याच्या कितीतरी आधीची ठेव. असा एक मीटर छातीवर लाव, दुसरा दोरीला बांधून तुझ्या आधी खाली सोड. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. शंभर पीपीएमच्या सुमारास नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. शिवाय या मीटरचे संवेदक एकमेकांच्या वायूंनाही प्रतिसाद देतात, म्हणून निघण्याआधी ज्ञात प्रमाणाच्या वायूने ते तपासून घ्यायचे.

नमुन्याची बाटली अशी तयार कर. जाड काचेची, तोटीची, आतली हवा उपसलेली, तिसऱ्या हिश्शापर्यंत पाच नॉर्मल तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण भरलेली. नंबर काचेवर कोरून घ्यायचा. पेनाची शाई आम्लाने जाते. भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदायचं. भेगेत टायटॅनियमची नळी खुपस, भोवती ओली राख दाबून फट बंद कर आणि नळीतली हवा बाहेर पडेपर्यंत काही मिनिटं थांब. मग बाटली उलटी धरून तोटी सावकाश उघड, म्हणजे वायू द्रावणातून बुडबुड्यांनी वर जाईल. हलवत राहा, बाटली तापते, तिच्यावर ओलं फडकं टाक. बुडबुडे मंदावले की तोटी बंद.

चुका दोन ठिकाणी होतात. नळी थंड पडली तर तिच्यात पाणी साचतं, आम्लवायू त्यातच विरघळून राहतात आणि बाटलीत पोचतच नाहीत. ११५ अंशांखाली तर गंधक गोठून नळीच बुजवतं. दुसरी चूक हवा शिरण्याची. प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि आर्गॉन यांचं गुणोत्तर ८४ च्या जवळ आलं आणि ऑक्सिजनही दिसला, तर तू बहुतांशी हवाच भरून आणली आहेस. म्हणून एका भेगेचे दोन तरी नमुने घे.

लाव्हाच्या जवळ जाण्याबद्दल थोडक्यात. ११०० अंशांचा उघडा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोवॅट उष्णता फेकतो. चंदेरी सूट ती परतवतो, पण त्यावर राख बसली की परावर्तन घटतं आणि आत घाम साचून शरीर तापत राहतं. लांब लोखंडी सळईने नमुना उचलून लगेच पाण्याच्या बादलीत बुडवायचा, म्हणजे त्याची काच होते आणि स्फटिक वाढत नाहीत.

वेळेचा हिशेब उलट्या बाजूने मांड. ज्युमारवर (दोराला धरणाऱ्या सरकत्या पकडीवर) वर चढायला उतरण्याच्या तिप्पट वेळ धर. एवढ्या उंचीवर, मुखवट्यात, पाठीवर दगड असताना तो लागतोच. शेवटचा माणूस उजेडात काठावर आला पाहिजे, तिथून मागे मोजत ये. जे उरेल ते तुझं तळाचं काम. विवराच्या भिंती रेडिओ अडवतात, म्हणून शिट्टीही ठेव: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली.

तुमच्या दोरावर धाग्याचं नाव काय छापलं आहे, फिल्टरच्या पट्ट्यांचे रंग कोणते आणि कंपनांचा आलेख कोण पाहणार आहे, हे तिन्ही लवकर कळव. बाटल्यांच्या वजनाचा तक्ता तयार झाला की तोही पाठव; मी एकदा डोळ्यांखालून घालतो.