सेल्समधून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये अनुभव नसताना जाता येतं का?

येतं, पण नोकरी सोडून नव्हे. पगार चालू ठेवून रोज तास-दीड तास कोडिंगला द्या. आधी पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एकच भाषा, मग एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा) आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन). हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा कोर्स ऑनलाइन फुकट आहे. पाया पक्का होतो, फक्त त्यात शिकवले जाणारे सी भाषेतले पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) सुरुवातीला घाम फोडतात.

प्रोजेक्ट मात्र स्वतःच्या कामातून काढा. टू-डू लिस्ट सगळेच बनवतात. तुम्ही फॉलो-अपची यादी बनवा: कोणत्या ग्राहकाला शेवटचा फोन कधी केला, कोटेशन पाठवून आठवडा उलटला तर नाव लाल दिसेल. एकाच ग्राहकाची दोन नंबरांनी नोंद झाली तर काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला लगेच सुचेल, नवख्या पदवीधराला बहुधा नाही. मुलाखतीत नेमकं हेच बोला.

थेट डेव्हलपरची जागा मिळेना, तर सेल्स इंजिनिअर (विक्रीत तांत्रिक बाजू सांभाळणारा), इम्प्लिमेंटेशन (ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवून देणं) किंवा सीआरएमची (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) कामं बघा. सेल्सफोर्स हे सीआरएम वापरलं असेल तर त्याची एपेक्स ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि ट्रेलहेड या त्यांच्याच शिकवणीच्या साइटवरचे मोफत धडे हा जवळचा रस्ता. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या महागड्या बूटकॅम्पवाल्यांचा (झटपट कोडिंग शिकवणाऱ्या क्लासवाल्यांचा) करार नीट वाचा. विकायची भाषा तुम्हाला ओळखू येतेच.