डावा हात आणि पाय

सप्रेम आशीर्वाद.

ऑर्गनवर बाख या जर्मन संगीतकाराचा डी मायनर टोकाटा आणि फ्यूग, जी मायनरमधला छोटा फ्यूग (एकच थीम, म्हणजे मूळ धून, एकेका स्वरपंक्तीत पाठोपाठ येते ती रचना) की सी मायनर पासाकाल्या (एकच छोटी ओळ फिरून फिरून येते आणि तिच्याभोवतीचे स्वर बदलत जातात ती रचना), यांपैकी पहिली मोठी रचना कोणती घ्यावी यावर तू महिनाभर अडून बसला आहेस. पत्रात तिन्ही रचना ऐकताना काय वाटते ते भरभरून लिहिले आहेस. तुझा डावा हात आणि पाय यांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

निवड तिथूनच करायची असते. पियानोवरून आलेल्याचा डावा हात खालचे स्वर आपलेच समजतो, आणि ऑर्गनवर ते पेडलकडे, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांकडे, गेले की पायांमागे नकळत ओढला जातो. टोकाटाच्या सुरुवातीला दोन्ही हात सप्तकाच्या अंतराने एकच ओळ वाजवतात, त्यामुळे तिथे ही खोड दिसतच नाही, आणि तू नेमका त्या सुरुवातीवर भुलला आहेस.

मी पासाकाल्या घेतला होता. एकट्या पेडलवर येणारी आठ बारची (बार म्हणजे तालाचे एक माप) थीम चार दिवसांत बसली, म्हणून पुढची २० व्हेरिएशन्स, म्हणजे तिची बदलती रूपे, आणि फ्यूगही बसतील असे धरून चाललो. दोन वर्षे गेली, आणि तेव्हा चुकीच्या पायाने पक्का झालेला एक स्वर आजही दगा देतो. तेव्हापासून मी कोणालाही पहिली रचना म्हणून तो देत नाही. याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत. ती दोन वर्षे त्यांची गेलेली नाहीत.

जी मायनर फ्यूग उघड. थीम वरच्या स्वरपंक्तीपासून एकेक पायरी उतरत चौथ्यांदा पेडलवर येते. तेवढीच जागा घे, उजवा हात मांडीवर ठेव आणि डावा हात व पाय तीन दिवस अगदी सावकाश वाजव. हात स्थिर राहिला, तर हाच फ्यूग घे. घसरला, तर बाखच्या आधीच्या पिढीतला ऑर्गनवादक बुक्स्टेहुडे याचा डी मायनर पासाकाल्या घे: चार बारची पेडलची ओळ चार भागांत सात-सात वेळा, म्हणजे एकूण २८ वेळा येते, आणि पायांची वाट ओळखीची झाल्यावर डाव्या हाताकडे लक्ष देता येते. ही दुय्यम निवड मानू नकोस. याच बुक्स्टेहुडेला ऐकायला बाख १७०५ मध्ये जर्मनीतल्या आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत पायी गेला होता.

पुढच्या पत्रात कोणती रचना आवडते ते नको. डावा हात कोणत्या बारपाशी घसरला, तेवढे लिही.