रील्स जमतात, मग बी.लिब. कशाला?

तुमची मुलगी बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तालुक्याच्या वाचनालयाचं इन्स्टाग्राम हौसेनं सांभाळते. तिला बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करायचीय, घरच्यांना मात्र सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंग कोर्स बरा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय.

ताई, तिला बी.लिब.च करू द्या. वर्षभराचा तर अभ्यासक्रम. पुढे महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला खुल्या प्रवर्गासाठी किमान 55 टक्के आणि साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पात्रतेत ग्रंथालय संगणकीकरणाचं ज्ञानही आहे. तिची आवड तिथे उपयोगी पडेल, पण नुसत्या रील्सवर भागणार नाही.

रील पाहून आलेल्या वाचकाला पुस्तक सापडलंच नाही, तर तो परत कशाला येईल? म्हणून आधी तालिका, म्हणजे पुस्तकांची शोधता येणारी यादी. कोहा ही त्यासाठीची मोफत संगणक प्रणाली आहे. त्यात शंभरेक नोंदी तिनं स्वतः कराव्यात. नोंदीतल्या रकान्यांना ठरलेले क्रमांक असतात: आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) 020 मध्ये, लेखक 100 मध्ये, शीर्षक 245 मध्ये. मराठी पुस्तकांचं घोडं इथेच अडतं. जुन्या याद्या श्रीलिपी, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. तशाच भरल्या तर पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात आणि शोध लागत नाही. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत रूपांतर करावं, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. लेखकाचं नाव एका नोंदीत आद्याक्षरांनी, दुसरीत पूर्ण असं झालं, तर त्याची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरतात.

इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक उघडत नाही, म्हणून पोस्टमध्ये वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) द्यावा. यश लाइक्सवर मोजू नये. पोस्टच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरवड्यातली त्या पुस्तकाची देवघेव पाहावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सभासदांचे, विशेषतः मुलींचे, नंबर सगळ्यांना दिसतात. त्यापेक्षा प्रत्येकाला निरोप वेगवेगळा पोचवणारी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका लिस्टमध्ये 256 जण मावतात, पण वाचनालयाचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच निरोप पोचतो. तशी पाटी देवघेवीच्या टेबलावर हवीच. सिम आणि ईमेल वाचनालयाच्या नावावर असावेत, नाहीतर सांभाळणारी व्यक्ती गेली की खातंही जातं. पुस्तकांच्या पीडीएफ मात्र कुणी कितीही मागितल्या तरी पाठवू नयेत. लेखकाच्या निधनानंतरही 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन विचारा: कोहाचं प्रात्यक्षिक विद्यार्थी स्वतः करतात की फळ्यावर शिकवतात? फळ्यावर असेल, तर दुसरं विद्यापीठ बघा.