वाचकांचे प्रश्न : रॉ फाइल, कॅटलॉग आणि भंडाऱ्याचा पिवळा

या अंकासाठी आलेल्या पत्रांतील अडचणी वरवर वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी बहुतेकींचे मूळ एकच आहे. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद; तिच्यावर काम करणारे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. उजेड किती वाढवायचा, कुठे कापायचे, कोणता रंग दाबायचा, याच्या सूचना ते निराळ्या ठिकाणी लिहून ठेवते आणि फोटो उघडताना त्या लागू करून दाखवते. आपले काम म्हणजे या सूचना. त्या नेमक्या कुठे लिहिल्या जातात, याची चौकशी मात्र बहुतेक जण काहीतरी बिघडल्यावरच करतात.

प्रश्न : माझा नाशिकमध्ये लग्नसमारंभांच्या फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. लॅपटॉपची डिस्क भरल्यामुळे मागच्या दोन हंगामांचे फोल्डर मी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवले. आता लाइटरूम क्लासिकमध्ये त्या फोल्डरांवर प्रश्नचिन्ह दिसते. मदतनिसाने तेच फोटो नव्या डिस्कवरून पुन्हा इम्पोर्ट केले, तर सगळे कार्डातून नुकतेच काढल्यासारखे कोरे आले. केलेले काम गेले का?

उत्तर : काम गेलेले नाही. लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचे सर्व काम ‘कॅटलॉग’ नावाच्या एका डेटाबेस फाइलमध्ये असते, आणि त्या फाइलच्या लेखी प्रत्येक फोटो म्हणजे डिस्कवरचा एक ठरावीक पत्ता. तुम्ही फोल्डर विंडोजमधून हलवले, त्यामुळे जुने पत्ते खोटे ठरले. मदतनिसाने तेच फोटो नव्या पत्त्यावरून आणल्यावर कॅटलॉगने त्यांना नवे फोटो समजून कोऱ्या नोंदी केल्या. जुन्या नोंदी, त्यांतील एडिटिंगसह, अजून तिथेच आहेत.

आधी लाइटरूम बंद करून कॅटलॉगच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. मग पुन्हा इम्पोर्ट केलेले फोटो निवडून डिलीट कळ दाबा. तेव्हा येणाऱ्या चौकटीत ‘रिमूव्ह फ्रॉम लाइटरूम’ आणि ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ असे दोन पर्याय असतात. तुम्हाला पहिला हवा आहे. दुसरा दाबलात तर मूळ फोटोच जातील, म्हणून हे काम मदतनिसावर न सोपवता स्वतः करावे. नव्या नोंदी निघाल्यावर प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि नव्या डिस्कवरचे तेच फोल्डर दाखवा. पत्ता जुळताच आतील फोटो केलेल्या कामासह परत येतील. एखाद्या सुट्या फोटोवर उद्गारचिन्ह उरलेच, तर त्यावर क्लिक करून ‘लोकेट’ म्हणावे; आजूबाजूचे हरवलेले फोटोही शोधण्याचा पर्याय तिथेच खाली असतो.

पुढच्या वेळी फोल्डर हलवताना आधी त्याची नव्या डिस्कवर प्रत काढावी, ती तपासावी, लाइटरूमला नवा पत्ता दाखवावा आणि त्यानंतरच जुने फोल्डर पुसावे. लाइटरूमच्या आतूनही फोल्डर ओढून हलवता येते, परंतु इतका मोठा माल हलत असताना वीज गेली किंवा केबल निसटली तर काय गेले आणि काय राहिले हे शोधण्यात दिवस जातो, म्हणून मला पहिला मार्ग बरा वाटतो. शिवाय विंडोजवर एक्स्टर्नल डिस्कचे अक्षर बदलले तरी हीच प्रश्नचिन्हे उगवतात, तेव्हा ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या डिस्कला एक अक्षर कायमचे देऊन टाकावे.

कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याचा पर्यायही चालू करा. त्यामुळे प्रत्येक रॉ फाइलशेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होते आणि एडिटिंगच्या सूचना, तारे, कीवर्ड तिच्यातही उतरतात. तरीही कॅटलॉगचा बॅकअप चुकवून चालणार नाही, कारण कलेक्शन (निवडक फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोची वेगळ्या एडिटिंगची दुसरी नोंद) आणि एडिटिंगचा इतिहास एक्सएमपीत जात नाही. अल्बमसाठी घरच्यांनी केलेले सिलेक्शन तर तुम्ही बहुधा कलेक्शनमध्येच ठेवत असाल. लाइटरूम बंद होताना जो बॅकअप घेते तो फक्त कॅटलॉगचा असतो, त्यात एकही फोटो नसतो. आणि जागा बदलली नाही तर तो मूळ कॅटलॉगच्याच शेजारी, म्हणजे त्याच डिस्कवर पडतो. ती जागा आजच बदला. फोटोंसाठी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पुरेसा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक स्टुडिओबाहेर.

प्रश्न : सोमवती अमावस्येला जेजुरीत रॉमध्ये फोटो काढले. उधळलेल्या भंडाऱ्याचे कण डोळ्यांना सुटे दिसत होते. फोटोत मात्र सपाट पिवळे डाग आले आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावरही ते भाग लुकलुकत होते. रॉमधून सगळे परत आणता येते ना? (पुणे)

उत्तर : सगळे नाही, पण तुम्हाला वाटते त्याहून बरेच काही येईल. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकणारा इशारा आणि तिथला हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) रॉवरून काढलेले नसतात. कॅमेऱ्याने स्वतःच्या पिक्चर स्टाइलनुसार बनवलेल्या जेपीईजीवरून ते काढलेले असतात. त्या जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १४ बिट रॉमध्ये १६,३८४. म्हणून पडद्यावर जळालेला दिसणारा भंडारा रॉमध्ये शाबूत असू शकतो.

सपाट डाग येण्याची कारणे तीन आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिले, सेन्सरच खरोखर भरून वाहिला असेल, तर तेथील तपशील नोंदलाच गेलेला नाही आणि त्यावर इलाज नाही. हे पाहण्यासाठी रॉथेरपीतील रॉ हिस्टोग्राम किंवा डार्कटेबलमधील रॉ ओव्हरएक्स्पोजरचा इशारा वापरा; दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. दुसरे, सेन्सरवर लाल रंग मर्यादेत असतो, पण व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची दुरुस्ती) लावताना सॉफ्टवेअर लाल आणि निळ्याला गुणून वाढवते. भर उन्हात लाल अनेक कॅमेऱ्यांत दुपटीच्या आसपास वाढतो, आणि पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा असल्याने भंडारा आधी लाल वाहिनीत फुटतो. इथे एक्स्पोजर आणि हायलाइट खाली आणले की कण परत दिसू लागतात.

तिसऱ्या कारणाकडे सहसा कोणी पाहत नाही. हळदीचा पिवळा इतका गडद असतो की तो एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपटाच्या बाहेर जातो. एक्स्पोजर अगदी योग्य असले तरी त्या भागात निळी वाहिनी शून्यावर आपटते, आणि शेजारशेजारच्या कणांतला फरकच मिटतो. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये सॉफ्ट प्रूफिंग (निवडलेल्या रंगपटात फोटो कसा दिसेल ते दाखवणारी सोय) चालू करून एसआरजीबी निवडा आणि रंगपटाबाहेरचे भाग दाखवणारा इशारा पाहा. मग प्रोफाइल ‘व्हिव्हिड’ किंवा तत्सम भडक असेल तर ते न्यूट्रल करा, पिवळ्या व नारिंगीचे सॅच्युरेशन थोडे उतरवा आणि पिवळ्याची ल्युमिनन्सही किंचित कमी करा. सॅच्युरेशन कमी करून रंग अधिक भरीव दिसावा हे चमत्कारिक वाटेल, पण कणांना छाया मिळाली की भंडारा पुन्हा उधळलेला वाटतो. हे संपूर्ण फोटोवर केलेत तर भाविकांचे चेहरे फिके पडतील, कारण त्वचेतही नारिंगीच असतो. म्हणून कलर रेंजचा मास्क घेऊन तो चेहऱ्यांवरून पुसावा. कण उठावदार करण्यासाठी क्लॅरिटीऐवजी टेक्स्चर वापरा. क्लॅरिटीने हवेतील धूळ काळवंडते.

पुढच्या वेळी पडद्यावर लाल, हिरवा, निळा असे वेगळे हिस्टोग्राम ठेवा, लाल उजव्या भिंतीला टेकणार नाही इतपत एक्स्पोजर उतरवा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी डेलाइटवर ठेवा. रॉमध्ये तो नंतरही बदलता येतो हे खरे, परंतु चौकट पिवळ्याने भरताच ऑटो प्रत्येक फोटोत वेगळा वागतो आणि शेकडो फोटो एकसारखे करण्याचे काम उगाच वाढते.

प्रश्न : ग्राहक लग्नाच्या रॉ फाइली मागतात. द्याव्यात का? (अहिल्यानगर)

उत्तर : बुकिंगच्या वेळी लेखी ठरले असेल तरच, आणि त्याची वेगळी रक्कम घेऊन. नुसती रॉ फाइल दिली तर तिच्याबरोबर तुमचे एडिटिंग जात नाही. घरच्या संगणकावर ती फिकी दिसते आणि बोल तुम्हाला लागतो. बहुतेकांना प्रत्यक्षात पूर्ण आकाराचे जेपीईजी हवे असतात; मागणी करणाऱ्याला तसे विचारून पाहा.

प्रश्न : मी कोल्हापुरात कलामहाविद्यालयात शिकतो. लाइटरूमचे सभासदत्व परवडत नाही. डार्कटेबलवर गेलो तर चालेल का? जुन्या कामाचे काय होईल?

उत्तर : चालेल. डार्कटेबल मुक्त स्रोत आहे, २००९ पासून उपलब्ध आहे आणि २०१७ पासून विंडोजवरही चालते. ते सोपे नाही. त्यात एकाच कामासाठी चार-चार मॉड्यूल आहेत आणि सुरुवातीला कोणते लावावे हे कळत नाही. एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन आणि फिल्मिक किंवा सिग्मॉइड (उजेड-सावली पडद्याच्या आवाक्यात बसवणारी मॉड्यूल) यांपैकी एक, एवढ्यावरच पहिले काही महिने काम करा. बाकीच्या मॉड्यूलांकडे पाहूही नका. डार्कटेबल सूचना डेटाबेसबरोबर एक्सएमपीतही लिहिते, हा त्याचा मोठा गुण आहे.

लाइटरूममधील तारे, कीवर्ड आणि काही मोजके बदल एक्सएमपीमार्फत डार्कटेबलमध्ये येतात. रंग आणि प्रकाशाचे काम मात्र जसेच्या तसे येत नाही, कारण दोघांचे गणितच वेगळे आहे. म्हणून सभासदत्व चालू आहे तोवर सर्व एक्सएमपी लिहून घ्या आणि ज्या फोटोंवर जीव ओतला आहे ते १६ बिट टिफमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. सभासदत्व संपल्यावरही लाइटरूम क्लासिक उघडते, फोटो शोधता येतात आणि एक्स्पोर्टही होतात. डेव्हलप आणि मॅप हे विभाग तेवढे बंद होतात. पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर कायम राहीलच असेही नाही. अ‍ॅपलने २००५ मध्ये आणलेले अ‍ॅपर्चर २०१५ मध्ये विक्रीतून काढले, तेव्हा वर्षानुवर्षांची मांडणी असलेल्या व्यावसायिकांना बिऱ्हाड हलवावे लागले. कॅनन आणि निकॉन यांची रॉ सॉफ्टवेअरही मोफत मिळतात. तुमच्या कंपनीचे आधी वापरून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे आषाढी वारीच्या अनेक वर्षांच्या फोटोंचा संग्रह आहे. कीवर्ड मराठीत द्यायचे आहेत, पण शोधताना निम्मे फोटो सापडतच नाहीत. (सोलापूर)

उत्तर : मराठीत जरूर द्या. एक्सएमपी युनिकोडमध्ये लिहिले जाते, त्यामुळे देवनागरीला अडचण नाही. अडचण टायपिंगमध्ये आहे. ‘वारकऱ्यांची’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो : नुक्ता असलेल्या ऱ या अक्षराने, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचीही हीच गत. सर्वांनी एकच कीबोर्ड वापरावा, आणि कीवर्ड दर वेळी टाइप न करता तयार यादीतून निवडावा, हा त्यावरचा उपाय.

यादीत शब्द मूळ रूपात, एकवचनी आणि विभक्तीशिवाय ठेवा : ‘पालख्या’ किंवा ‘पालखीचे’ नको, ‘पालखी’ हवे. ठिकाणांची उतरंड करा. ‘पालखी मार्ग’ या शब्दाखाली आळंदी, दिवे घाट, सासवड, लोणंद, फलटण, वाखरी, पंढरपूर असे मुक्काम आणि टप्पे घातले, की ‘दिवे घाट’ दिलेला फोटो ‘पालखी मार्ग’ शोधतानाही मिळतो. लाइटरूममध्ये प्रत्येक कीवर्डला समानार्थी शब्द जोडण्याची सोय आहे; तिथे रोमन लिपीतील रूप घालून ठेवा, म्हणजे बाहेरगावच्या संपादकालाही फोटो सापडेल.

फोटोंखालच्या जुन्या ओळींबाबत, म्हणजे कॅप्शनांबाबत, सावध राहा. श्रीलिपीसारख्या पद्धतीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॅप्शनच्या चौकटीत चिकटवला, तर तिथे निरर्थक रोमन चिन्हे उमटतात; तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरे आणि आकडे यांतच ठेवा, वर्षापासून सुरू होणारी तारीख आधी आणि क्रमांक शेवटी.

प्रश्न : माझ्याकडे एकरकमी घेतलेले लाइटरूम ६ आहे. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली त्यात उघडत नाहीत. (पणजी)

उत्तर : त्या आवृत्तीला शेवटची सुधारणा डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली, त्यानंतरचे कॅमेरे ती ओळखत नाही. अडोबीचे मोफत डीएनजी कन्व्हर्टर घेऊन फाइली डीएनजीत (अडोबीच्या खुल्या रॉ प्रकारात) बदला आणि सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीशी जुळणारा पर्याय निवडा, म्हणजे त्या उघडतील. मूळ रॉ पुसू नका, कारण कॅमेरा कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर ही बदललेली फाइल सहसा उघडत नाही. ज्यांचे लाइटरूम चालू आवृत्तीचे आहे, त्यांनी सरसकट सगळे फोटो डीएनजीत बदलण्याची मला गरज वाटत नाही : तिथे सूचना फाइलच्या आतच लिहिल्या जातात, आणि एक तारा दिला तरी बॅकअप सॉफ्टवेअरला पूर्ण फाइल पुन्हा उचलावी लागते.

प्रश्न : लग्नात आम्ही दोघे दोन कॅमेऱ्यांनी फोटो काढतो. घड्याळे जुळत नसल्याने वरमाला आधी आणि मंगलाष्टके नंतर असा क्रम लागतो. (सांगली)

उत्तर : दोन्ही कॅमेऱ्यांत टिपला गेलेला एक नेमका क्षण शोधा; अंतरपाट दूर होतानाचा फोटो यासाठी उत्तम, कारण तो दोघांकडेही असतोच. बरोबर घड्याळाच्या कॅमेऱ्यातील त्या फोटोची वेळ सेकंदासह टिपून घ्या. मग मेटाडेटाच्या फिल्टरने दुसऱ्या कॅमेऱ्याचे सर्व फोटो निवडा, त्यांतील अंतरपाटाचा फोटो मुख्य ठेवा आणि ‘एडिट कॅप्चर टाइम’मध्ये टिपलेली वेळ भरा. बाकीचे फोटो तेवढ्याच अंतराने सरकतात. कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये ही बदललेली वेळ थेट रॉ फाइलमध्ये लिहिण्याचा एक पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, तसाच बंद राहू द्या.