हेपटायटिस बी-मुळे लिव्हर फेल झालेल्या काकांचं सीटी स्कॅन केलंय. ते वाचतील की नाही हे त्यावरून कळतं का?

थोडं कळतं. पण त्या 'थोड्या'वर लोक काय काय ठरवून बसतात ते मी घरातच पाहिलंय, म्हणून लिहितोय. कळव्याला राहतो, सीटीच्या मशीनवर 26 वर्षं काढली. डॉक्टर नाही, टेक्निशियन.

बायकोच्या धाकट्या भावाला हेपटायटिस बी होता. व्हायरस दाबून ठेवायला टेनोफोव्हिरची रोज एक गोळी. बरं वाटतंय म्हणून पठ्ठ्याने परस्पर बंद केली. काही महिन्यांत डोळे पिवळे. घरच्यांनी आधी काविळीची माळ घातली. डोक्यावरची माळ लांबत लांबत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणे. माळ बेंबीपर्यंत आली तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, 18 होतं; निरोगी माणसाचं एकच्या आसपास असतं.

मग ठाण्यात अ‍ॅडमिट, सीटी. रिपोर्टात लिव्हर आक्रसलेलं, पोटात पाणी. थोरले मेहुणे रिपोर्ट हातात धरून म्हणाले, "लिव्हर उरलंच नाही, घरी नेऊ. कशाला त्याचे हाल?"

मी सीडी घरी आणून लॅपटॉपवर लावली. कमरेच्या तिसऱ्या मणक्याचा काप काढला. मणक्याच्या दोन्ही अंगांना सोअस स्नायू दिसतात. याचे चांगले बटाट्याएवढे भरलेले होते. याच पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ मोजून उंचीच्या वर्गाने भागतात. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन आक्रसतं तेव्हा, ज्यांचे स्नायू झडलेत, ते जास्त दगावतात. लिव्हरचं आकारमानही कापाकापावर कड आखून काढता येतं, आणि ते घटलेलं असणं वाईटच, तिथे मेहुणे चुकले नव्हते. पण लिव्हर लहान म्हणून घरी न्यायचं नसतं हो, लहान म्हणूनच ट्रान्सप्लांटवाल्यांकडे पळायचं असतं!

या वादात चार दिवस गेले. शेवटी बायकोने थोरल्या भावाला गप्प केलं. भाचा 20 वर्षांचा, रक्तगट जुळला, बापाला लिव्हर द्यायला एका पायावर तयार. त्याचंही सीटी झालं. देणाऱ्याचा तुकडा घेणाऱ्याच्या वजनाच्या निदान 0.8 टक्के लागतो, म्हणजे 70 किलोला 560 ग्रॅम. पोराचा उजवा भाग 680 भरला. सीटीचा खरा उपयोग मला विचाराल तर हा.

ऑपरेशनआधीच पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं. गेला.

तेव्हा हेही सांगायला हवं की सोअस जाड होते आणि तरी तो गेला. उद्या होणारं इन्फेक्शन आजच्या सीटीत दिसत नाही. चार दिवस आधी हललो असतो तरी गेला असता कदाचित. डॉक्टर पहिल्यांदा बघतात तो मेल्ड: बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीचं) यांचा मिळून आकडा, 6 ते 40, जितका जास्त तितकं वाईट. काकांचा आजचा किती आणि चार दिवसांपूर्वीचा किती, ते विचारा. लघवी कमी झालीय का, बोलण्यात गोंधळ आहे का, हे सीटीपेक्षा महत्त्वाचं. आणि घरातल्या सगळ्यांची हेपटायटिस बीची टेस्ट करा, निगेटिव्ह निघतील त्यांना लस द्या.

थोरले मेहुणे दर गणपतीला म्हणतात, रिपोर्टच खरा निघाला ना? त्या रिपोर्टात 'घरी न्या' कुठल्या ओळीत लिहिलं होतं, ते मात्र अजून दाखवलेलं नाही त्यांनी.