थंडावलेला समुद्र आणि गाळातली कवचे

प्रश्न : सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठे हिमस्तर साठू लागले, तेव्हा दक्षिण महासागराची जैविक उत्पादकता वाढली असे वाचले. इतक्या जुन्या समुद्राची सुपीकता मोजतात कशी?

उत्तर : ती थेट मोजता येत नाही, तिच्या खुणा मोजाव्या लागतात. पृष्ठभागाजवळच्या वनस्पती-प्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतीसदृश जीवांनी) तयार केलेल्या सेंद्रिय द्रव्याचा अगदी लहान अंश खोल तळापर्यंत पोचतो आणि तिथल्या अंधारात राहणारे तळवासी फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच असलेले एकपेशीय जीव, मुख्यतः त्यावर जगतात. म्हणून दर हजार वर्षांत एक चौरस सेंटीमीटर तळावर त्यांची किती कवचे साठली, हे काढले की वरून किती अन्न पडत होते याचा अंदाज बांधता येतो. अंटार्क्टिकाजवळच्या मॉड राइज या सागरी उंचवट्यावरच्या गाळात इओसीन हा भूवैज्ञानिक कालखंड संपून ऑलिगोसीन सुरू होण्याच्या, म्हणजे याच ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हा आकडा वाढतो, आणि दक्षिण महासागरात डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांचा गाळही याच काळात ठळक होतो.

प्रश्न : कवचे वाढली म्हणजे उत्पादन वाढलेच, असे म्हणावे का?

उत्तर : घाई होते ती इथेच. थंड पाण्यात जिवाणूंचे काम मंदावते, त्यामुळे खाली झरणारे सेंद्रिय द्रव्य वाटेत कमी कुजते आणि वरचे उत्पादन तेवढेच राहूनही तळवासीयांच्या वाट्याला अधिक अन्न येऊ शकते. शिवाय त्याच सुमारास प्रशांत महासागरात, फोरॅमिनिफेरांची असतात तशी कॅल्साइटची (चुनखडीच्या खनिजाची) कवचे ज्या खोलीखाली टिकत नाहीत ती पातळी सुमारे एक किलोमीटर खाली सरकली. म्हणजे जिथे कवचे पूर्वी विरघळून जात, तिथे ती नुसती टिकू लागली. मॉड राइजवरची खोदाई जेमतेम २,००० मीटर खोलीवरची असल्याने हा दुसरा आक्षेप तिथे फारसा लागू पडत नाही. पहिला मात्र उरतोच. सिलिकाची साक्ष जोडीला असल्यामुळे दक्षिणेकडील वाढ मला खरी वाटते, पण ती साऱ्या महासागरांना लावू नये.

प्रश्न : आपल्या अरबी समुद्रातही थंडीने असेच घडले का?

उत्तर : त्याच्या पश्चिम भागात जवळजवळ उलट घडले. तिथली सुपीकता उन्हाळी मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमकाळाच्या ऐन भरात, हे वारे दुबळे झाले, ओमानच्या किनाऱ्यालगत पोषक द्रव्ये घेऊन वर येणारे खोल पाणी कमी झाले आणि अशा पाण्यात फोफावणाऱ्या ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या तरंगत्या फोरॅमिनिफेराची कवचे गाळात घटली. हवामान उबदार होऊन वारे पुन्हा सबळ झाले, तेव्हाच ती वाढली.